दुसऱ्याचा टाळ घेऊन : आळंदी ते पंढरपूर

पहिला दिवस : आळंदी

ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या दुपारी मी आळंदीत उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक पंचा, पायांना लावायचे तेल आणि जुन्या तांबड्या दोरीने बांधलेला एक टाळ होता. टाळ माझा नव्हता. तो माझ्या मित्राचा होता आणि त्या टाळाने तेवीस वर्षे ही वाट चाललेली होती.

आम्ही दोघांनी पाटबंधारे खात्यात एकत्र नोकरी केली. बरीच वर्षे नीरा उजव्या कालव्यावर काढली आणि एकाच वसाहतीत शेजारी राहिलो. तो दरवर्षी आषाढात रजा टाकून वारीला जाई आणि मी त्याचे टेबल सांभाळत असे. देवाच्या बाबतीत आमचे कधी जमले नाही, पण त्यामुळे आमचे काही बिघडलेही नाही. बिघडले ते पाच वर्षांपूर्वी. अकरा दिवसांच्या आजारात माझी पत्नी गेली. तिसऱ्या दिवशी तो फलटणहून पुण्याला आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "पांडुरंगाची इच्छा." मी त्याला उठून जायला सांगितले. तो गेला आणि पुढे चार वर्षांहून अधिक काळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

या वर्षी चैत्रात वहिनींचा फोन आला. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. मी फलटणला गेलो. त्याने मला ओळखले, बराच वेळ पाहिले आणि मग खाटेशेजारच्या कोनाड्यातला टाळ डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, वारीत खंड पडतोय म्हणून जिवाला लावून घेतलंय त्यांनी." मी हो म्हणालो. त्या होकारात श्रद्धेचा भाग नव्हता. चार वर्षांच्या अबोल्याबद्दल क्षमा मागायला मला शब्द सापडत नव्हते आणि चालणे मला जमण्यासारखे होते, इतकेच.

प्रस्थानाच्या वेळी देऊळवाड्यात शिरता येईल अशी आशाच नव्हती. आमची दिंडी रथामागची, त्यामुळे आम्ही इंद्रायणीच्या बाजूला दाटीवाटीने उभे होतो. 1296 साली ज्ञानदेवांनी जिथे समाधी घेतली, तिथून त्यांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला न्यायच्या, ही आजच्या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली. आत पालखी हलली ती आम्हांला आवाजावरून कळली. सगळा जमाव एकदम वर उचलला गेल्यासारखा झाला. माझ्या शेजारच्या टाळकऱ्याने माझ्या हातातला टाळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिले आणि टाळाला हात लावून तो कपाळाला नेला. टाळ कोणाचा आहे हे त्याला ठाऊक होते.

दुसरा आणि तिसरा दिवस : पुणे

पुण्यात मी माझ्याच घरी झोपू शकलो असतो, पण झोपलो नाही. दिंडीचा मुक्काम एका शाळेत होता आणि तिथल्या फरशीवर आम्ही पन्नासजण ओळीने आडवे झालो. ज्या शहरात पस्तीस वर्षे हिंडलो, त्याच शहरातल्या लोकांनी रस्त्यात वाकून माझ्या पाया पडावे, हे मला सोसवत नव्हते. मी पाय मागे घेऊ लागलो तेव्हा आमचे विणेकरी बुवा हलकेच म्हणाले, "माउली, ते तुम्हांला करत नाहीत. घ्या आणि पुढे पोचवा." पुढे कोणाकडे पोचवायचे ते मी विचारले नाही.

चौथा दिवस : दिवेघाट

हा सर्वांत लांब टप्पा, सुमारे 30 किलोमीटरचा, आणि नेमकी त्याच दिवशी योगिनी एकादशी, म्हणजे उपवास. पहाटे निघून हडपसरमार्गे वडकीला आलो, तेव्हा ऊन चढले होते आणि घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांनी भरून गेला होता. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावल्या होत्या. खाली मस्तानी तलाव मागे पडत गेला आणि डोंगराच्या प्रत्येक वळणावर पताकांची एकेक रांग दिसू लागली.

दिंडीची रचना मला एव्हाना समजली होती. पुढे पताका, मग चार-चारांच्या ओळीत टाळकरी, त्यांच्यात पखवाज, मागे वीणा आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मित्राची जागा तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी होती आणि तिथे मला उभे केले होते. मला टाळ वाजवता येत नव्हता. पहिल्या दोन दिवसांत दोनदा प्रयत्न केला तेव्हा माझ्यामुळे आख्ख्या ओळीचा ठेका चुकला, म्हणून घाटात मी टाळ नुसता हातात धरून चाललो. दोन्ही बाजूंना टाळ वाजत असताना आपल्या हातातली धातूची जोडी मुकी ठेवून चार तास चढण चढणे म्हणजे काय, हे मला सांगता येणे कठीण आहे. कोणी मला बोलले नाही, हे आणखी कठीण होते.

संध्याकाळी सासवडच्या तळावर मी पहिल्यांदा समाजआरती नीट पाहिली. हजारो टाळ वाजत असतात, दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, चोपदार हातातला चोप उंच करून हाळी देतात आणि एका क्षणात सगळे थांबते. त्या शांततेत ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने आपले टाळ वाजवत राहायचे, म्हणजे चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. त्यानंतर हरवले-सापडल्याच्या घोषणा होतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि मग आरती होते. आमच्या खात्यात तक्रार अर्जांचे गठ्ठे मी वर्षानुवर्षे हाताळले. पण आरतीच्या आधी गाऱ्हाणे, ही व्यवस्था मी कुठे पाहिलेली नाही.

पाचवा दिवस : सासवड

मुक्कामाचा दिवस. सकाळी कऱ्हेकाठी सोपानदेवांच्या समाधीला जाऊन आलो. धाकट्या भावाच्या गावी थोरला दोन रात्री राहतो, असे इथले लोक अगदी घरातल्या गोष्टीसारखे सांगतात.

दुपारी राहुटीच्या सावलीत पायांचे फोड पाहत बसलो होतो. आमच्या दिंडीतल्या एक आजी तेल घेऊन आल्या आणि नको म्हणत असतानाही माझ्या टाचा चोळू लागल्या. त्या मराठवाड्यातल्या होत्या, कोरडवाहू शेतीवाल्या. बोलता बोलता कळले की त्यांचा एकुलता एक मुलगा विहिरीचे काम करताना गेला, त्याला चौदा वर्षे झाली. माझ्या तोंडून जे निघाले ते गेली पाच वर्षे माझ्या मनात साचलेले होते. मी म्हणालो, "आजी, ज्याने मुलगा नेला त्याच्याकडेच तुम्ही चालत जाता? त्याला कधी विचारलं नाही, का नेलास म्हणून?"

त्यांचा हात थांबला नाही. "इचारते की. दरसाली इचारते. तेवढ्यासाठी तर येते."

"मग काय म्हणतो तो?"

"काय म्हनंल? हुबा असतो." आणि त्यांनी दुसरा पाय पुढे घ्यायला सांगितले.

त्या दिवशी मी आणखी काही लिहू शकलो नाही. आज लिहिताना इतके सांगतो की भक्ती म्हणजे मान्य करणे, असा माझा आयुष्यभर समज होता. जे घडले ते योग्यच घडले अशी मान डोलावल्याशिवाय या लोकांत जागा मिळत नसणार, असे मला वाटत आले आणि माझ्या बायकोच्या बाबतीत ती मान मी कधीच डोलावणार नव्हतो. आजींनीही डोलावलेली नव्हती. तरी त्या चौदा वर्षे चालत होत्या.

सहावा आणि सातवा दिवस : जेजुरी, वाल्हे

जेजुरीत खंडोबाच्या लोकांनी पालखीवर भंडारा उधळला. बुक्क्याने काळी झालेली आमची कपाळे पिवळी झाली. ती हळद दोन दिवस सदऱ्यावरून गेली नाही. वाल्ह्याचा टप्पा लहान आणि सोपा होता. हे गाव वाल्मीकींचे मानतात. रात्री हरिपाठाला बसलो तेव्हा पाठ नसलेल्या ओळींवर ओठ हलवत राहिलो आणि मधल्या एखाद्या ओळीचा शेवट माझ्या आवाजात बरोबर आला, की शेजारचा माणूस समाधानाने मान हलवी.

आठवा आणि नववा दिवस : नीरा, लोणंद

नीरेच्या दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातले आणि पूल ओलांडून आम्ही पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात आलो. ही नदी मला पाठ आहे. वर वीर धरण, तिथून निघणारे उजवा आणि डावा असे दोन कालवे, त्यांच्या शाखा, त्यांच्या चाऱ्या, हे सगळे डोळे मिटून काढून दाखवता येईल. आमच्या कामात पाणी मुखापाशी सोडणे सोपे आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे अवघड. वाटेतला प्रत्येकजण थोडे अधिक ओढतो आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी रात्र रात्र चारीवर बसून राहतो. पाणी सोडण्याच्या अशाच एका पाळीत, ऐन उन्हाळ्यात, मित्र आणि मी पाटकऱ्याला बरोबर घेऊन कालव्याच्या कडेने रात्रभर चाललो होतो. पहाटे शेवटच्या चारीत पाणी आले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्याने ओंजळ भरून आधी आम्हांला प्यायला दिली. मित्र तेव्हा म्हणाला होता की वारीतही असेच असते. मी दमलेला होतो, मी ऐकून घेतले नाही.

लोणंदच्या तळावर दोन रात्री होतो. पहिल्या रात्री वहिनींना फोन केला. त्यांनी तो मित्राच्या कानाशी धरला. मी नदीबद्दल सांगितले, त्या म्हाताऱ्याची आठवण सांगितली. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता.

दहावा दिवस : चांदोबाचा लिंब

लोणंदहून दुपारी निघालो आणि तरडगावच्या अलीकडे, चांदोबाचा लिंब या ठिकाणी, वारीतले पहिले उभे रिंगण झाले. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकतात, मधली वाट मोकळी होते आणि त्या वाटेने दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी नसते, कारण तो माउलींचा. ते क्षणात समोरून गेले. लोक टापांखालची माती कपाळाला लावू लागले. मीही वाकलो. माती गरम होती.

रात्री विणेकरी बुवांनी मला बाजूला बोलावले. ते फलटण तालुक्यातलेच एक शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, फार बोलणारे नव्हेत. उद्या फलटण, तुम्ही त्यांना भेटाल, म्हणून एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो, असे म्हणून त्यांनी सांगितले की पाच वर्षांपूर्वीच्या वारीत माझ्या मित्राने आळंदी ते पंढरपूर टाळ वाजवला नाही. रोज पहाटे तो टाळ हातात घेऊन आपल्या जागेवर उभा राही आणि तसाच चाले. कोणी कारण विचारले तर म्हणे, "माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो परत घेता येईना. आता आवाज नको." बुवा म्हणाले, "तुम्ही दिवेघाटात टाळ मुका धरून चाललात, तेव्हा आम्हांला वाटलं, तुम्हांला त्यांनीच सांगितलं असेल."

मला कोणी सांगितले नव्हते. मी राहुटीबाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. शोकाने माणूस एकटा पडतो हे मला माहीत होते. ज्याला मी घराबाहेर काढले तो माझ्यासाठीच अठरा दिवस मुका चालला, आणि त्यातले मला काहीच ठाऊक नसताना तेच मी त्याच्यासाठी केले, याचे काय करायचे ते मला त्या रात्री कळले नाही. पुढे वारी संपल्यावर मी त्याला योगायोगच म्हणेन. पण तो शब्द आता पूर्वीसारखा रिकामा वाटत नाही.

अकरावा दिवस : फलटण

विमानतळाच्या मैदानावर तळ पडला. वहिनी आणि त्यांचा मुलगा मित्राला चाकांच्या खुर्चीत बसवून रस्त्याच्या कडेला घेऊन आले होते. आमची दिंडी जवळ आली तेव्हा बुवांनी हात वर केला आणि आमच्या टाळकऱ्यांनी त्याच्यासमोर जागच्या जागी चार पावल्या धरल्या. त्याची मान ठेक्यावर हलत होती. डावा हात गुडघ्यावर पडत होता.

रात्री त्याच्या घरी जेवलो. वहिनींनी पाय बुडवायला कढत पाणी दिले आणि पिठलं-भाकरी वाढली. सगळे झोपल्यावर मी त्याच्या खाटेपाशी बसलो आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल बोललो. मी त्याला घालवून द्यायला नको होते, हे मी सांगितले. त्याचे शब्द मला आजही मान्य नाहीत, हेही सांगितले, कारण त्याच्याशी खोटे बोलण्याची मला सवय नव्हती. तुझ्याकडे दुसरे शब्द नव्हते हे मात्र आता कळते, असे म्हणालो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग त्याने टाळाकडे बोट केले. मी टाळ हातात धरून दाखवला, तर त्याने मान जोराने हलवली आणि आपल्या डाव्या हाताने माझ्या तर्जनीभोवतीची दोरी सोडून, एक वेढा कमी करून, पुन्हा गुंडाळली. मी अकरा दिवस टाळ चुकीचा धरत होतो.

बारावा ते चौदावा दिवस : बरड, नातेपुते, माळशिरस

धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्हा लागला. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमच्या कालव्याचा ऊस होता. टाळ वाजू लागला होता, सुरुवातीला अडखळत आणि मग अंगाला सवय होऊन, इतकी की नातेपुत्याच्या पुढे मला तो वाजवताना दुसरा विचार करता येऊ लागला. सदाशिवनगरला पहिले गोल रिंगण झाले. आजींच्या टाचेला जखम झाली होती, तरी त्या ट्रकमध्ये बसायला तयार होईनात. शेवटी त्यांची तुळस काही मैल मी डोक्यावर घेतली आणि टाळ त्यांनी धरला.

पंधरावा दिवस : वेळापूर

खुडूसचे रिंगण करून वेळापूरच्या अलीकडे आलो. इथल्या चढावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असे मानतात. तिथून प्रत्येक दिंडी उतारावरून धावते. माझे वय एकसष्ट आहे आणि गुडघे चांगले नाहीत. मी धावलो. सगळ्या बाजूंनी माणसे धावत होती, पताका आडव्या होत होत्या आणि त्या उतारावर काही क्षण मला बायकोचे हसणे आठवले. आजारपणातला तिचा चेहरा या पाच वर्षांत माझ्या डोळ्यांपुढून हललेला नव्हता, तो त्या वेळी पुढे आला नाही.

सोळावा आणि सतरावा दिवस : भंडीशेगाव, वाखरी

तोंडले-बोंडल्याला सोपानदेवांची पालखी माउलींना भेटली. वाखरीच्या अलीकडे बाजीराव विहिरीपाशी शेवटचे गोल रिंगण झाले आणि रात्री राज्यातल्या वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या पालख्या एका गावात उतरल्या. पाऊस आला. राहुटीत पाणी शिरले आणि आम्ही सगळे रात्रभर उभे राहिलो, एकमेकांच्या खांद्याला टेकून.

अठरावा आणि एकोणिसावा दिवस : पंढरपूर

दशमीला, अंधार पडून गेल्यावर, गावात पोचलो. एकादशीला पहाटे चंद्रभागेत स्नान केले आणि दिंडीबरोबर नगरप्रदक्षिणा केली. पददर्शनाची रांग दूरवर गेली होती. आमच्यातल्या बहुतेकांनी कळस पाहून हात जोडले आणि वारी पोचली असे मानले. मी आजींबरोबर महाद्वारात, नामदेव पायरीपाशी, कशीबशी जागा मिळवली. पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या भक्ताला आयुष्यभर आत जाऊ दिले नाही, त्याची समाधी दाराबाहेर आहे. आणि ते दार सर्वांना उघडावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. या जागी उभे राहून हे विसरणे मला बरोबर वाटत नाही. इथे गाऱ्हाणे घेऊन आलेल्यांत मी पहिला नाही, हेही मला तिथेच जाणवले.

आजींनी पायरीच्या दिशेने तोंड करून डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले. त्या काय विचारत होत्या ते मला माहीत होते. मग मीही डोळे मिटले आणि पाच वर्षे ज्याला मी नाही म्हणत आलो, त्याला बायकोचे नाव घेऊन विचारले.

दुपारी वाळवंटातून फोन लावला. वहिनी म्हणाल्या, वाचेचे व्यायाम शिकवायला बाई येतात आणि आता दोन-चार शब्द फुटू लागले आहेत. त्यांनी फोन त्याच्या कानाशी धरला. मी सांगितले की पोचलो, टाळ वाजवत पोचलो. मग हेही सांगितले, की आज विचारले आणि काही उत्तर मिळाले नाही.

पलीकडे बराच वेळ घशातून नुसता आवाज येत राहिला. वहिनी त्याला सावकाश, सावकाश असे म्हणत होत्या.

"पुन्हा," तो म्हणाला.

दिंडीतले बरेचजण त्याच रात्री गाडीने गावी परतणार होते. पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबायचे ठरवून मी मठाकडे वळलो, कारण आजींचा पाय अजून चिघळलेला होता आणि त्यांना पाणी आणून देणारे कोणी नव्हते.